माळ्यावर ठेवलेला कॉम्प्युटर

मला लग्नात विचारतात, बाराव्याला विचारतात, दाताच्या डॉक्टरकडे गाल सुजवून बसलो तरी शेजारचा विचारतोच, "आता घ्यायचा झाला तर कुठला कॉम्प्युटर घ्यावा हो?" डिचोलीच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य घालवल्याचं हे बक्षीस. पूर्वी मी खुर्ची ओढून नीट समजावून सांगायचो. हल्ली "घेऊच नका" म्हणतो. लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नसतो. नवा म्हणून मिरवत आणलेला कॉम्प्युटर पुढे कधीतरी माझ्या टेबलावर आडवा पडतो, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे सहसा काही नसतं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, त्या सुमाराला मी या धंद्यात आलो. दुकानात चहाला जमणारी मंडळी राजभाषा कोंकणी की मराठी यावरून हमरीतुमरीवर यायची, आणि ज्या यंत्रासमोर हे भांडण चालायचं त्याला दोन्हींतली एकही येत नव्हती. त्या काळी घरात कॉम्प्युटर आणणं म्हणजे गाय आणण्यासारखं होतं. आधी जागा बघायची, मग मुहूर्त, मग शेजाऱ्यांना दाखवणं. विचारायला येईल त्याला मी मेमरीबिमरी काही सांगत नसे. म्हणायचो, आधी घरात अर्थिंग आहे का बघा. आमच्याकडच्या घरांत भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे बहुधा काही जोडलेलं नसतं. भिंतीला चिकटवून ठेवू नका. देवघराशेजारी तर मुळीच नको, उदबत्तीची राख पंख्यात जाते. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटा आणि टेलिफोनची वायरही उपटा. आणि पावसाळ्यात कोरडं ठेवा. ओल लागली की संपलं.

हे मी इतक्या जणांना सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन. कोणी ऐकलं नाही. जून लागला की भाजलेले मोडेम आणि बुरशी आलेले मदरबोर्ड घेऊन लोक रांगेत उभे. "काल रात्रीपर्यंत बरो होतो," हे प्रत्येकाचं पहिलं वाक्य.

कॅबिनेट उघडलं की धुळीवरून कुठल्या रस्त्याकडेचं घर ते मला कळायचं. खाणीच्या वाटेवरच्या घरांतून येणाऱ्या मशीनमध्ये तांबडी, पिठासारखी बारीक धूळ बसलेली असायची, ब्रशने काढली तरी हातांना रंग राहायचा. त्या धुळीवर आम्ही सगळे जगत होतो. खनिज मुरगाव बंदरात जायचं, ट्रकवाल्यांच्या घरी पैसा यायचा आणि त्यांच्या मुलांसाठी माझ्याकडून कॉम्प्युटर जायचे. मग खाणी बंद पडल्या. पुढेपुढे कॅबिनेट उघडलं की आत नुसती करडी, घरगुती धूळ निघायला लागली. मला ती बघून बरं वाटायला हवं होतं, पण मी उधारीची वही काढून बसायचो.

लाटंबार्श्याचं एक कुटुंब माझं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. मी त्यांना दादा आणि वयनी म्हणायचो. दादांचा स्वतःचा ट्रक होता, खाणीवर लावलेला. एकुलत्या मुलासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा मीच जाऊन बसवून दिला. जनेलाशेजारी, खिडकीच्या उजेडात, मेज ठेवलं होतं आणि मेजावर वयनींनी नव्या कापडाचं झाकण शिवून घातलं होतं. मी म्हटलं, "वयनी, चालू असताना झाकायचं न्हय, तापता." त्या म्हणाल्या, "पोराक सांगा. माका त्यातलें कितें कळटा?" मुलगा हुशार होता. माझी सगळी पथ्यं पाळणारं तेवढं एकच घर.

खाणी थांबल्या आणि दादांचा ट्रक अंगणात माडाखाली येऊन उभा राहिला. दादा सुरुवातीला रोज सकाळी तो चालू करून बघायचे. मग दिवसाआड. मग त्यांनी बॅटरी काढून घरात ठेवली. मुलाने इथे तिथे नोकऱ्या बघितल्या, मोपाला विमानतळ होणार म्हणून त्याच्यासारखी बरीच मुलं डोळे लावून बसली होती, पण विमानतळ होईपर्यंत खायचं काय? शेवटी आमच्याकडची मुलं करतात तेच त्याने केलं. दादांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, त्या आधारावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि इंग्लंडला गेला. तिथे एका गोदामात माल उचलून ठेवायचं काम. जाण्याआधी दुकानात येऊन मला म्हणाला, "काका, घरचो कॉम्प्युटर थंयसून चालवपाची सोय करून दी."

मी करून दिली. इंटरनेटवरून दूरच्या मशीनचा ताबा घ्यायचा एक प्रोग्राम असतो. तो दोन्हीकडे घातला की इथला पडदा तिथे दिसतो आणि तिथला माउस हलवला की इथला बाण हलतो. त्याच प्रोग्रामने मीही दुकानातून गिऱ्हाइकांची बारीकसारीक कामं करत असे, म्हणजे लाटंबार्श्याला जायची बस चुकली तरी अडत नसे. या मशीनची एक चावी, म्हणजे नंबर आणि पासवर्ड, मुलाकडे दिली आणि एक माझ्याकडे राहिली. सल्ला हवा असेल तर ऐका: अशी चावी कोणालाही देऊ नका. दिलीत तर ती कोणाकोणाकडे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

तिकडे मुलाची पाळी दुपारी सुटायची, तेव्हा इकडे दिवेलागण झालेली असायची. तो खोलीवर जाऊन घरच्या कॉम्प्युटरवर यायचा. विजेचं बिल भरायचा, दादांचे ट्रकचे कागद नीट लावायचा, जुने फोटो इकडचे तिकडे करायचा. इकडे मेजासमोर कोणी नाही आणि पडद्यावर बाण फिरतोय. पहिल्यांदा वयनी घाबरल्या होत्या. नंतर त्यांना ती वेळ पाठ झाली. बाण हलला की त्या आदोळी, म्हणजे विळी, घेऊन मेजाशेजारी जमिनीवर बसायच्या आणि नारळ खवायच्या, उद्याचासुद्धा. मधून मान वर करून बघायच्या. 

एकदा मी वायर बदलायला गेलो असताना त्यांनीच मला दाखवलं. "पळयात. फोल्डर उगडचे आदीं तो घिरट्यो घालता." खरंच, मुलाची ती सवय होती. विचार करताना तो बाण गोल गोल फिरवायचा आणि मग क्लिक करायचा. मी म्हटलं, "व्हिडिओ कॉल कर म्हणा त्याला, तोंड तरी दिसेल." वयनींनी खवलेलं खोबरं गोळा केलं. "तोंड दिसता तेन्ना आमकां दोगांकय उलोवंक सुचना. तो म्हणता जेवलंय मगो, हांव म्हणता जेवलंय. मागीर तो म्हणता ठेवता. हांगा बरो बसता. घरांत आसल्यावरी." तोंड समोर आलं की दोघांनाही बोलायला सुचत नसे, आणि बाण हलला की तो घरात असल्यासारखा वाटे. मी वायर बसवली आणि चहा पिऊन निघालो.

एका वर्षी मे महिन्यात मुलाने कळवलं की त्याची नोकरीची जागा बदलते आहे, खोलीही बदलेल, तेव्हा काही दिवस त्याला यायला जमणार नाही. गणपती येतात त्या चवथीपर्यंत सगळं जागेवर येईल, चवथीच्या सांजेला नक्की येतो. वयनींनी ते शब्द धरून ठेवले. चवथीपर्यंत म्हणजे अख्खा पावसाळा. आणि पावसाळ्यात काय करायचं हे मी त्यांना दर वर्षी सांगत आलो होतो: कोरडं ठेवा, ओल लागू देऊ नका.

आता जुलैत आमच्याकडच्या घरात कोरडी जागा कुठली? भिंतीला हात लावला तर ओला होतो. कपाटातल्या चपलांवर बुरशी, उशांना वास. कोरडी जागा एकच, चुलीच्या वरचा बांबूचा माळा. पुरुमेंत तिथेच ठेवतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं सामान: सोलं, सुक्या मिरच्या, सुकी मासळी, पुढच्या पेरणीचं बियाणं. खालून चुलीची ऊब आणि धूर लागतो, म्हणून काही कुजत नाही, कीड धरत नाही. घरातलं जे जपून ठेवायचं ते तिथे ठेवायचं, हे त्यांनी सासूकडून घेतलं आणि सासूने तिच्या सासूकडून. वयनींनी कॉम्प्युटर धुवट लुगड्यात गुंडाळला आणि मिरच्या आणि बियाण्याच्या मध्ये माळ्यावर ठेवला. पडदा, कीबोर्ड, माउस, सगळं. दादांनी खालून हातात दिलं.

चवथ जवळ आली तेव्हा त्यांनी तो उतरवला, पुसला, लावला. चालू होईना. पेटारा तसाच लुगड्यात बांधून त्या बसने डिचोलीला आल्या. मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कंडक्टरने मागे ठेवा म्हटलं तरी ऐकलं नव्हतं. माझ्या टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली. मिरचीचा ठसका लागला आणि मागून सुक्या बांगड्यांचा वास. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक नाक धरून बाहेर गेलं.

"खंय ठेवल्लो वयनी?"

"माळ्यार. चुलीर. तुमीच सांगलां न्हय, सुको ठेवात म्हणून? थेंब लागूंक दिवंक ना."

मी स्क्रू काढले. इतक्या वर्षांत मी पाली बघितल्या, मुंग्यांची वारुळं बघितली, एकदा उंदराचं आख्खं बिऱ्हाड बघितलं, पण हे नव्हतं बघितलं. आतून सगळा पेटारा काळा झाला होता. फोडणीचं तेल आणि धूर मिळून डांबरासारखा थर बसला होता, पंखा हलत नव्हता. आत बाहेर कुठेही ओल नव्हती, बुरशीचा ठिपका नव्हता. माझा सल्ला जन्मात एका माणसाने अक्षरशः पाळला होता आणि त्यानेच मशीन मेलं होतं. मला हसू आलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की मी मान खाली घालून उगाच ब्रश शोधत राहिलो.

"चवथीक जायत मगे?" त्यांनी विचारलं. तेवढंच हवं होतं त्यांना. मशीन गेलं तरी चालेल, चवथीच्या सांजेला बाण हलायला हवा.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, असं विचारणाऱ्याला मी सांगत आलो आहे: बोर्ड गेला असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. तो एकदा उठतो, आशा लावतो आणि पुन्हा पडतो. बोर्ड गेला होता. मी तो दोन वेळा धुतला, वाळवला, पंखा बदलला, आणि एकदा तो उठलाही. पडदा लागला, अंगणाचा फोटो दिसला, ट्रक अजून धावत होता तेव्हाचा. मग फट् झालं आणि जळक्याचा वास आला. शेवटी एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेलं जुनं मशीन माझ्याकडे होतं, त्यात त्यांची हार्ड डिस्क घातली. ती मात्र वाचली होती. फोटो, कागद, सगळं जसंच्या तसं. ताबा घ्यायचा प्रोग्राम नव्याने घातला आणि इंग्लंडला फोन लावला.

मुलगा गोदामातच होता, मागे गाड्यांचा आवाज येत होता. मी नवा नंबर आणि पासवर्ड दिला. त्याने लिहून घेतला का नाही ते कळलं नाही. म्हणाला, "काका, आतां ताचें कितें काम रे? बिलां हांव मोबायलार भरता. तो वोगी सोड, आवयक मोबायल शिकय."

"तिला बिलं नकोत, बाबा. तू यायला हवास. ती वाट बघते."

तो बाजूला गेला असावा, गाड्यांचा आवाज कमी झाला. मग म्हणाला, "काका, तो फोटो दिसता. आंगण दिसता. थंय दोन वरां घालयतंच आनी मागीर हांगा भायर सरता, खोलयेंत सात जाण, कोणाक कोणाची भास कळना. माका सोसना रे. म्हणूनच बंद केलो. नोकरी बदलल्या म्हणून न्हय." दोन तास घरच्या अंगणात घालवून त्या खोलीत परतणं त्याला जमत नव्हतं. शेवटी म्हणाला, "तिका सांगू नाका हां."

मी सांगितलं नाही. सांगून वयनींनी काय केलं असतं? चूक कोणाची असती तर मी कोणावर तरी चिडलो असतो, चिडायची मला चांगली सवय आहे. इथे चिडायलाही कोणी नव्हतं.

चवथीच्या आदल्या दिवशी मी मशीन लाटंबार्श्याला नेऊन बसवलं. गणपतीवर माटोळीची लाकडी चौकट बांधून झाली होती, तिला फळं लटकत होती. वयनींनी मेज ओढून अशा कोनात ठेवून घेतलं की पडद्यावरून मुलाला गणपती दिसावा. मी म्हटलं, "वयनी, पडद्याला डोळे नसतात, त्याला इथलं काही दिसत नाही. फक्त पडद्यावरचं दिसतं." त्या म्हणाल्या, "आसूं दी." दादा बाहेर ट्रकच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते. मी निघालो तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

चवथीच्या सांजेला मुलाचा मोबाइलवर फोन आला. जेवलंय का, जेवलंय. ठेवता. बाण हलला नाही. हे दादा नंतर दुकानात आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं. वयनी रोज दिवेलागणीला मशीन चालू करून ठेवायच्या, आणि दोन तासांनी बंद करायच्या. नारळ खवायचा तो आता सकाळीच खवून ठेवायच्या, असंही दादा म्हणाले. मला ते ऐकून उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण दुकान सोडून जाणार कुठे?

दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्याकडे काही काम नव्हतं. त्यांच्या मशीनवर अँटिव्हायरस जुना झाला होता, वेळ तीच होती, मशीन चालू असणार हे ठाऊक होतं. दादांना फोन करून सांगून ठेवावं म्हणून लावला, तो लागला नाही. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. दुकानातून आत शिरलो आणि बाण हलवायला लागलो. मिनिट गेलं नसेल, दादांच्या नंबरवरून फोन वाजला. पलीकडे वयनी. आवाज असा की मी आधी ओळखलाच नाही.

"भाऊ, आयलो! बाण हालता! आमचो आयलो!"

मी माउसवरचा हात उचलला, बाण थांबला.

"रावलो," त्या म्हणाल्या. "आतां रावलो. आज घिरट्योय घालीना, सरळ वता. थकलो आसतलो."

 खोटं बोलायला नुसतं गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. माझ्याने ते झालं नाही. हा माझा मोठेपणा नव्हे, मला भीती वाटली. उद्या परवा त्या पुन्हा फोन करतील, पुन्हा विचारतील, आणि मला जन्मभर दिवेलागणीला त्यांचा मुलगा व्हावं लागेल.

"वयनी," मी म्हटलं, "तो मी. दुकानातून. ते जुनं झालेलं एक काढतोय."

 पलीकडे घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.  मग त्या म्हणाल्या, "तुमी?"

"मी."

"बरें." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "करात तुमचें काम. हांव बसता."

मी काम केलं. जुनं काढलं, नवं घातलं, मशीन तपासलं.  फोन त्यांनी बंद केला नव्हता, मीही केला नाही.

"जालें, वयनी."

"जालें? आनी कितें ना?" त्या म्हणाल्या. "पळयात मगे. आसतलें कितें तरी."

मी पडद्यावर बघितलं. अंगणाचा फोटो, माडाखाली तांबडा ट्रक, आणि डाव्या बाजूला मुलाने लावून ठेवलेले फोल्डर. सगळं जागच्या जागी होतं. करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

"आसा, वयनी. काम आसा," मी म्हटलं.

फोनमधून फरशीवर लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मग नारळ फोडल्याचा, आणि मग आदोळीवर खोबरं खवल्याचा, सावकाश. मी एक फोल्डर उचलून उजवीकडे नेला. दुसरा नेला. सगळे उजवीकडे नेऊन झाले तेव्हा एकेक करून पुन्हा डावीकडे आणायला लागलो, आणि त्या खवत होत्या तोवर आणत राहिलो.